हप्ते थकले, झोप उडाली : वाचकांचे प्रश्न

मनाचा आजार, कामाचा ताण आणि फिटेनासं झालेलं कर्ज या तिन्ही गोष्टींबद्दल बरीच पत्रं आली आणि बहुतेक पत्रांत तिन्ही एकमेकींत अडकलेल्या होत्या. त्यामुळे या वेळची उत्तरं मनोविकारतज्ज्ञ आणि कर्जवसुलीच्या प्रकरणांत काम करणारे वकील यांनी एकत्र बसून लिहिली आहेत. ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे. जीव द्यावा असे विचार येत असतील, तर बाकीचं नंतर वाचा. आधी टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : वय ३४. चाकणला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. हातात ५२ हजार येतात. पर्सनल लोनचे ४ लाख २० हजार बाकी, हप्ता १४,३००. तीन क्रेडिट कार्डांवर मिळून २ लाख ६० हजार, त्यांची किमान रक्कम १३ हजार. चार ॲपवरून घेतलेले ८५ हजार, त्यांचे महिन्याला १९ हजार जातात. घरखर्च भाड्यासकट २८ हजार. एका ॲपचं दुसऱ्यातून भागवतोय. दीड महिना झाला, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. रिपोर्ट दोनदा चुकला, साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं. वसुलीवाले ऑफिसात फोन करतात. बायकोला यातलं काही माहीत नाही. कधीकधी वाटतं, आपण नसलेलंच बरं.

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू. 'नसलेलंच बरं' हा विचार येतो तेव्हा तो कुणाला तरी बोलून दाखवा. पत्नीला सांगणं जमत नसेल तर भाऊ, मित्र, कुणीही. एकट्याने रात्र काढू नका. गोळ्यांचा साठा घरात असेल तर तो दुसऱ्याच्या ताब्यात द्या. असा विचार पक्का होऊ लागला, कसं आणि कधी हे मनात ठरू लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

दीड महिना पहाटे जाग येणं, कामात चुका होणं आणि मरणाचे विचार ही नैराश्याच्या आजाराची लक्षणं आहेत. मन उदास राहणं किंवा कशातच रस न वाटणं आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडणं असं सलग दोन आठवडे चाललं, तरी डॉक्टर निदानाचा विचार करतात. तुमचे दोन आठवडे केव्हाच उलटले आहेत. पुण्यात ससूनमध्ये मनोविकार विभाग आहे. इतरत्र राहणाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयात मनोविकाराच्या ओपीडीची चौकशी करावी. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. डॉक्टरांना कर्जाचंही सांगा. ते लपवलं की 'कामाचा ताण' एवढंच केसपेपरवर येतं आणि खरी धास्ती तशीच राहते.

झोप थोडी सावरेपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन आठवडे, तीन गोष्टी करू नका : नवीन कर्ज, राजीनामा आणि गावाकडची जमीन विकायचा निर्णय. आजारी मनाला दोनच वाटा दिसतात, आणि दोन्ही टोकाच्या.

आता हिशेब. सध्या तुमच्या माथ्यावर १४,३०० + १३,००० + १९,००० म्हणजे ४६,३०० रुपयांचे हप्ते आहेत. त्यात घरखर्चाचे २८,००० धरले की ७४,३०० होतात. पगार ५२,०००. दरमहा २२,३०० रुपयांचा खड्डा पडतो आणि तो तुम्ही नव्या ॲपने बुजवता. काटकसरीने हा खड्डा भरणार नाही. तुमच्या शिस्तीचा इथे दोष नाही, हप्त्यांची रचनाच बदलावी लागेल.

कार्डांपासून सुरू करा, कारण तिथे तुमचा सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तर २ लाख ६० हजारांवर ९,१०० रुपये व्याज लागतं, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी १,६३८. झाले १०,७३८. तुम्ही १३,००० भरता तेव्हा मुद्दल फक्त २,२६२ रुपयांनी कमी होतं. शिवाय बाकी राहिलेली असताना त्याच कार्डावर किराणा घेतला तर त्याला बिनव्याजी मुदत मिळत नाही, घेतल्या दिवसापासून व्याज चालू होतं. म्हणून कार्डं आजपासून वापरायची बंद करा आणि प्रत्येक बँकेला ईमेलने लिहा की सगळी बाकी ठरावीक मुदतीच्या हप्त्यांत बदलून द्या. समजा १८ टक्के वार्षिक दराने ४८ महिन्यांची मुदत मिळाली, तर हप्ता साधारण ७,६४० बसतो.

पर्सनल लोनच्या बँकेकडे मुदत वाढवून मागा. दर १६ टक्के असेल आणि बाकी ६० महिन्यांवर नेली, तर १४,३०० चा हप्ता १०,२०० च्या आसपास येतो. एकूण व्याज वाढेल आणि क्रेडिट अहवालात पुनर्रचनेची नोंद दिसेल. आजच्या घडीला आमच्या मते ती किंमत मोजावी. दोन्ही मिळून १७,८४० होतात. घरखर्च २८,००० आणि डॉक्टर-औषधाचे २,००० काढल्यावर हातात २२,००० उरतात, म्हणजे ॲपवाल्यांसाठी ४,१६०. चौघांना थोडं थोडं वाटू नका. एकाची पूर्ण सेटलमेंट करा, मग दुसऱ्याची. बाकीच्या तिघांना तसं लेखी कळवून ठेवा.

बँका हे सगळं एका ईमेलवर देतील असं नाही. पहिलं उत्तर बहुधा नकाराचं येतं, कारण ते ग्राहक सेवेतून आलेलं असतं. नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी बँकेने नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याला, पुन्हा लिहा. सोबत तीन महिन्यांच्या पगारपावत्या, सगळ्या देण्यांचा एका पानाचा तक्ता, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि 'मी दरमहा इतके भरू शकतो' असा ठोस आकडा द्या. आकडा नसलेल्या विनंतीवर कुणी निर्णय घेत नाही. आणि तो आकडा असा द्या, की जो पुढच्या महिन्यातही पाळता येईल. कबूल करून पहिलाच हप्ता चुकला की वाटाघाटी संपतात.

पगार ज्या बँकेत जमा होतो तिचंच कर्ज थकलं असेल, तर बँक खात्यातून रक्कम वळती करू शकते. पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत न्या, म्हणजे भाडं आणि औषधाचे पैसे हातात राहतील. ऑटो-डेबिट परत जाऊ देऊ नका. प्रत्येक वेळी दंड लागतो, कित्येकदा तुमच्या बँकेचा वेगळा आणि कर्ज देणाऱ्याचा वेगळा. आणखी एक धोका फारसा कुणाला ठाऊक नसतो : चेक न वटल्यास जसं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ लागून फौजदारी केस होऊ शकते, तसं खात्यात पैसे नसल्यामुळे ऑटो-डेबिट परत गेल्यास पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ चं कलम २५ लागतं. यांपैकी कुठलीही नोटीस आली तर पैसे भरायला १५ दिवस असतात. पाकीट न उघडता कपाटात टाकलं की ते १५ दिवस तिथेच जातात. म्हणून टपाल उघडायचं काम सध्या दुसऱ्या कुणावर सोपवा. नैराश्यात पाकीट उघडणंही अशक्य वाटतं, हे आम्हाला माहीत आहे.

आता फोन. बँका आणि एनबीएफसींच्या (बँक नसलेल्या, पण कर्ज देणाऱ्या नोंदणीकृत कंपन्यांच्या) वसुली प्रतिनिधींना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाईक-मित्रांच्या खासगीपणात शिरणं हेही चालत नाही. कॉल रेकॉर्ड करा. एका वहीत तारीख, वेळ, नंबर आणि काय बोलले ते लिहा. त्यावरून कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे 'सीएमएस' या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करता येते, फी नाही. थेट लोकपालाकडे गेलात तर 'आधी बँकेकडे जा' म्हणून तक्रार परत येते, बहुतेकांचा वेळ इथेच जातो. कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधले संपर्क आणि फोटो घेण्याची परवानगी नाही. फोटो विद्रूप करून नातेवाइकांना पाठवण्याची धमकी आली, तर तो सायबर गुन्हा आहे. १९३० वर फोन करा आणि स्क्रीनशॉट पुसू नका. ॲपच्या कागदावर कुठल्याच नोंदणीकृत बँकेचं किंवा एनबीएफसीचं नाव नसेल, तर आणखी पैसे भरण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार नोंदवा.

पत्नीला हा तक्ता दाखवा. काय सांगायचं हे सुचत नसेल तर कागद पुढे ठेवा आणि 'मला झोप लागत नाही, हे त्याचं कारण आहे' एवढंच म्हणा.

प्रश्न : नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या, दहा दिवस झाले. मळमळतं, आणखी अस्वस्थ वाटतं. या गोळ्यांची सवय लागते असं ऐकलं. बंद करू का? (सातारा)

उत्तर : स्वतःहून बंद करू नका. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारख्या औषधांनी पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, पोट बिघडणं, बेचैनी होऊ शकते. बहुतेकांची ती ओसरते. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर, आणि बरेच जण नेमकं मधल्या काळात औषध सोडतात. जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ कमी होते. पण बेचैनी इतकी की एका जागी बसवत नाही, किंवा मरणाचे विचार वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पंचविशीच्या आतल्या रुग्णांच्या घरच्यांनी या दिवसांत जास्त लक्ष ठेवावं.

सवय लागण्याची भीती खरी आहे ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांबद्दल, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम. त्या थोड्या आठवड्यांसाठीच असतात. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा पुन्हा आणू नयेत, आणि महिनोन्महिने घेतल्या असतील तर एकदम सोडूही नयेत. नैराश्याच्या गोळ्या बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं वाटणं असं होतं.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना बायपोलर आहे, मन कधी फार चढतं, कधी फार खाली जातं. दिवाळीच्या सुमारास तेजी आली. तीन-तीन तास झोपायचे, नवा धंदा काढतो म्हणाले आणि पंधरा दिवसांत पतसंस्थेतून तीन लाख, दोन ॲपवरून दीड लाख उचलले. माझे दीर जामीनदार आहेत. आता हे खाली गेलेत, अंथरुणातून उठत नाहीत आणि स्वतःलाच दोष देतात. हे कर्ज मला फेडावं लागेल का? पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू? (सांगली)

उत्तर : तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल, तर नवऱ्याचं कर्ज बायकोवर येत नाही. 'वहिनी, तुम्ही सही करा म्हणजे प्रकरण मिटेल' असं म्हणत कागद पुढे केला, तर सही करू नका. दिरांची गोष्ट वेगळी आहे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि संस्था आधी कर्जदाराकडे न जाता थेट जामीनदाराच्या पगारालाही हात घालू शकते.

तेजीत घेतलेलं कर्ज रद्द होतं का? भारतीय करार कायदा, १८७२ नुसार करार करताना माणूस त्याचा अर्थ समजून घेण्याच्या आणि आपल्या हिताचा विचार करण्याच्या स्थितीत नसेल, तर तो करार टिकत नाही. पण त्या दिवसांतली अवस्था सिद्ध करावी लागते, आजाराचं नाव सांगून भागत नाही. त्या काळातले केसपेपर, ॲडमिट केलं असेल तर डिस्चार्ज कार्ड, रात्री-अपरात्री केलेल्या खरेदीच्या नोंदी जपून ठेवा. कोर्टात निकाल काहीही लागो, वाटाघाटीत हे कागद उपयोगी पडतात. ॲपच्या कर्जाला करारात लिहिलेली माघारीची मुदत असते, किमान एक दिवसाची. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत केलं की दंड न भरता कर्ज बंद करता येतं. तेजी चालू असताना तुमच्या लक्षात आलं तर हे लगेच करा.

पतसंस्थेचं पत्र मात्र आजच वाचा. पतसंस्था दिवाणी दावा लावत बसत नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे वसुली दाखला मागते. त्या सुनावणीची नोटीस येते तेव्हाच हजर राहून व्याजाचा हिशेब तपासून मागायचा, काय भरलं त्याच्या पावत्या द्यायच्या आणि हप्ते बांधून मागायचे. गेला नाहीत तर दाखला एकतर्फी निघतो. त्यानंतर त्याविरुद्ध दाद मागायची, तर आधी येणं असलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम भरावी लागते. दिरांनीही त्या तारखेला जावं.

पुन्हा असं होऊ नये यासाठीची तजवीज आजार शांत असताना, त्यांच्या संमतीने करायची. क्रेडिट कार्डाची मर्यादा कमी करून घ्या किंवा कार्ड बंद करा. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ॲपमधून बंद ठेवा. यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणा. बचतीचा मोठा भाग दोघांच्या सहीने चालणाऱ्या ठेवीत ठेवा. कर्जाच्या नोंदी ठेवणारे चार क्रेडिट ब्युरो आहेत आणि प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. दर तीन महिन्यांनी एकेकाचा काढला तर वर्षभर नजर राहते, नवं कर्ज निघालं असेल तर दिसतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार ते बरे असताना 'माझ्यावर उपचार कसे व्हावेत' याचा लेखी आगाऊ निर्देश करून ठेवू शकतात आणि तुम्हाला प्रतिनिधी नेमू शकतात. याने त्यांच्या मालमत्तेवर तुम्हाला अधिकार मिळत नाही, पण ॲडमिट करायची वेळ आली तर रुग्णालयात वाद होत नाही.

तेजीची पहिली खूण बहुतेकांत झोपेची असते. तीन-चार तास झोपूनही थकवा नाही, असं सलग दोन रात्री दिसलं की डॉक्टरांना फोन करा. पैसे उधळणं त्याच्या नंतर येतं. सध्या ते खाली आहेत म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची नैराश्याची गोळी देऊ नका. बायपोलरमध्ये नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर पुन्हा तेजी उसळू शकते. लिथियम चालू असेल तर रक्तातली पातळी तपासत राहा. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, म्हणजे रात्रीची गोळी घेतली की सकाळची तपासणीनंतर. पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान राखतात. वर्षातून निदान दोनदा थायरॉइड आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन बघतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, जुलाब झाले किंवा अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेतलं तर पातळी चढते. हात जास्त थरथरणं, तोल जाणं, उलट्या, बोलणं जड होणं असं दिसलं तर पुढची गोळी न देता थेट दवाखान्यात न्या.

प्रश्न : वाळूजच्या कंपनीत कामगार आहे, पगार १९ हजार. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगून दोन महिने आराम लिहिला. रजा संपली. सुपरवायझर म्हणतो, येत नसशील तर दुसरा माणूस घेतो.

उत्तर : तुमच्या पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो का, ते पगारपावतीवर पाहा. २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्यांना तो लागू आहे. ईएसआयच्या दवाखान्यात नाव दाखवून तिथल्या डॉक्टरांकडून आजारपणाचं प्रमाणपत्र घ्या. खासगी डॉक्टरची चिठ्ठी तेवढी पुरत नाही, तीच दाखवून ईएसआयकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असेल, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपण लाभ मिळतो. आजार लांबला तर विस्तारित लाभ आहे, तो ८० टक्के असतो. त्याच्या ३४ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि तीव्र नैराश्याचा एक प्रकार आहे. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि पुरेशी वर्गणी लागते. हा लाभ घेत असताना मालक कामावरून काढू शकत नाही. प्रमाणपत्राची प्रत एचआरला ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा. तोंडी सांगितलेली रजा पुढे गैरहजेरी ठरते. निदान काय आहे हे सुपरवायझरला सांगणं तुमच्यावर बंधनकारक नाही, डॉक्टरही तुमच्या संमतीशिवाय त्याला सांगू शकत नाहीत.

प्रश्न : टॉवेलचा कारखाना होता, बंद पडला. बँक, सूतवाले आणि हातउसने मिळून ३८ लाख देणं आहे. मालमत्ता काहीच उरली नाही. रोज दारात माणसं येतात, दारू वाढली आहे. दिवाळखोरी जाहीर केली तर सुटेन का? दुकानाचा गाळा बायकोच्या नावावर करून टाकू का? (सोलापूर)

उत्तर : गाळा आत्ता कुणाच्याही नावावर करू नका. नादारीच्या, म्हणजे दिवाळखोरीच्या, अर्जाआधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता केलेलं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं. तीन महिन्यांच्या आत एखाद्याच धनकोला (देणेकऱ्यांपैकी ज्याचे पैसे येणं आहेत त्याला) झुकतं माप देऊन पैसे दिले असतील, तर तेही. शिवाय नियत वाईट ठरली की सुटका लांबते. 'मालमत्ता काहीच उरली नाही' असं तुम्ही लिहिलंत आणि लगेच गाळ्याचा उल्लेख केलात. असं कोर्टात झालं तर अर्जावरचा विश्वास तिथेच संपतो.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग सर्वसामान्यांना अजून लागू झालेला नाही, फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. तुमच्यासाठी अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो. मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे आणि अर्ज उच्च न्यायालयात जातो. सोलापुरात जिल्हा न्यायालयात विचारा. अर्जात प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता, रक्कम, तारण, तुमची सगळी मालमत्ता आणि हिशेबाच्या वह्या द्याव्या लागतात. अर्ज मान्य झाला की मालमत्ता कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. अटकेपासून संरक्षणाचा आदेश वेगळा मागावा लागतो. आणि इथे पुष्कळ जण फसतात : नादार ठरलं म्हणजे सुटलं असं नाही. ठरलेल्या मुदतीत 'मुक्तता' मिळावी म्हणून पुन्हा अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर नादारीच रद्द होते आणि धनको पुन्हा दारात येतात. मुक्तता मिळाली तरी सरकारी देणी आणि फसवणुकीतून झालेली देणी सुटत नाहीत, तारणावर बँकेचा हक्क राहतो आणि जामीनदार मोकळे होत नाहीत. मुक्तता मिळेपर्यंत कंपनीचं संचालकपद घेता येत नाही, विधानसभा-लोकसभेची निवडणूकही लढवता येत नाही. काम संथ चालतं, वर्षं जातात.

म्हणून आमचा सल्ला : आधी बँकेशी एकरकमी तडजोड आणि लोक अदालत. गाळा विकून त्यातून बँक आणि मोठे दोन-तीन सूतवाले मिटतात का, हे वकिलासोबत आकडे मांडून पाहा. त्यातूनही भागलं नाही तर नादारी. लोक अदालतीत मान्य केलेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी असते आणि तिच्यावर अपील नाही, तेव्हा झेपेल तेवढंच मान्य करा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

नुसतं पैशाचं कर्ज फेडता आलं नाही म्हणून तुरुंग होत नाही. हुकूमनामा झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार काही गोष्टींवर जप्ती येत नाही : अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, धार्मिक रिवाजाने स्त्रीला उतरवता येत नाही असा दागिना म्हणजे मंगळसूत्र. पीएफलाही हात लागत नाही. पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांशही सुरक्षित असतात. दारात येणाऱ्यांना एकच लेखी उत्तर द्या, कुणालाही वेगळं तोंडी आश्वासन देऊ नका.

दारू एकदम थांबवू नका. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर एक-दोन दिवसांत थरथर, भास, फिटही येऊ शकते. सिव्हिलमध्ये मनोविकार विभागात जाऊन औषधाच्या आधाराने सोडा. दारू चालू असताना झालेली कुठलीही तडजोड टिकत नाही, त्यामुळे हे पहिलं.

प्रश्न : माझा पोरगा २७ वर्षांचा. कापूस गेला. सावकाराचे दोन लाख आहेत, महिना ३ टक्के. सावकाराने वावराचं खरेदीखत करून घेतलं. पोरगा जेवत नाही, बोलत नाही, परवा माझ्या पाया पडला अन् म्हणाला, लहान्याला सांभाळ. (यवतमाळ)

उत्तर : ताई, 'लहान्याला सांभाळ' हा निरोपाचा शब्द आहे. आजच त्याला शांतपणे, सरळ विचारा : 'बाळा, तुझ्या मनात मरायचा विचार येतो का?' विचारल्याने डोक्यात भरतं हा गैरसमज आहे, उलट माणूस मोकळा होतो. फवारणीची औषधं घरातून आणि वावरातल्या खोपटातून काढून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवायला द्या. पुढचे काही दिवस त्याला एकटं सोडू नका, रात्री जवळ कुणीतरी झोपा. १४४१६ वर त्याच्यासोबत बसून फोन लावा आणि यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात घेऊन जा. गावातल्या आशाताईंना सोबत घ्या. आणि काही झालंच, त्याने काही घेतलंच, तर पोलीस केस होईल म्हणून एक क्षणही घरी थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याला शिक्षा करत नाहीत. औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या, डॉक्टरांना त्यावरून उपचार ठरवता येतो.

तो सावरला की सावकाराचं. महाराष्ट्रात शेतकऱ्याला दिलेल्या तारणी कर्जावर परवानाधारक सावकाराला वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के व्याज घेता येतं. तुमच्याकडून वर्षाला ३६ टक्के घेतलं जातंय. तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात त्या माणसाचा परवाना आहे का ते विचारा. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्याजापोटी वावराचं खरेदीखत करून घेतलं असेल, तर कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. चौकशीत ती अवैध सावकारी ठरली तर जमीन परत मिळू शकते. खरेदीखताची नक्कल, सातबारा, पैसे घेतल्या-दिल्याच्या चिठ्ठ्या, फोनवरचे मेसेज आणि व्यवहार पाहिलेल्या दोघांची नावं जमवा. ताबा अजून तुमच्याकडे असेल तर वहिवाट सोडू नका. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पवर सही नाहीच.

प्रश्न : एनबीएफसीशी ६० हजारांत सेटलमेंट ठरली, भरले. सहा महिने झाले, क्रेडिट अहवालात अजून थकीत दिसतं आणि वसुलीचा फोन येतो. (डोंबिवली)

उत्तर : तुमच्याकडे तीन कागद आहेत का ते बघा : कंपनीच्या लेटरहेडवरचं सेटलमेंट पत्र, ज्यात कर्ज खात्याचा क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख आणि 'पूर्ण व अंतिम' हे शब्द असावेत, रक्कम थेट कर्ज खात्यात जमा झाल्याची पावती, आणि 'नो ड्यूज' दाखला. पैसे प्रतिनिधीच्या स्वतःच्या यूपीआयवर गेले असतील, तर खरी अडचण तीच आहे. व्यवहाराचा क्रमांक देऊन कंपनी आणि पोलीस दोन्हीकडे लेखी तक्रार करा. कागद बरोबर असतील तर कंपनीला आणि क्रेडिट ब्युरोला एकाच दिवशी दुरुस्तीची मागणी करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद २०२४ पासून आहे. मागणीच्या पत्रातच हे लिहा. नोंद दुरुस्त झाल्यावर 'सेटल्ड' असं दिसेल, 'क्लोज्ड' नाही, आणि ते साधारण सात वर्षं राहतं. जुने चेक परत घ्या, ऑटो-डेबिटची संमती तुमच्या बँकेत जाऊन रद्द करा आणि त्याची पोच घ्या.